छात्राध्यापिकेची छत्री

जुलैतली गोष्ट. रेवदंड्याहून अलिबागला निघालेल्या एसटीत माझी भाची शेजारी बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही, पायाशी निथळणारी छत्री. शिक्षणशास्त्र महाविद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी नववीच्या वर्गावर तिचा मराठीचा पाठ होता आणि चौल आल्यापासून तिचे ओठ नुसते हलत होते. वही उघडली तेव्हा छापील रकाने दिसले: घटक, उपघटक, इयत्ता, तुकडी, तासिका आणि सगळ्यांच्या वर ‘छात्राध्यापिकेचे नाव’. घटक कोणता, तयारी झाली का, हे मी तिला विचारायला हवे होते. मी मात्र त्या सर्वांत वरच्या शब्दापाशी अडकलो, तो नागाव गेले तरी सुटलो नाही.

छात्र आणि अध्यापक एकाच शब्दात. हा समास सोडवायचा कसा? ‘छात्र असलेला अध्यापक’ असा विग्रह केला तर कर्मधारय होतो आणि बी.एड.ला जे अभिप्रेत आहे ते मिळते. पण ‘छात्रांचा अध्यापक’ असाही विग्रह करता येतो. तो तत्पुरुष मानला तर जगातला प्रत्येक शिक्षक छात्राध्यापक ठरतो. व्याकरणाला दोन्ही मान्य आहेत. मला यातला कोणता आवडतो ते पुढे कळेलच.

आधी ‘छात्र’. हिंदीत हा रोजचा शब्द. मराठीत त्याची जागा ‘विद्यार्थी’ने कधीच घेतली आणि छात्र बिचारा जोडशब्दांच्या आश्रयाला गेला: छात्रालय, छात्रसेना, छात्राध्यापक. शब्द म्हातारा झाला की असे होते. एकटा हिंडत नाही, कोणाचा तरी हात धरून चालतो. त्याचे मूळ ‘छत्र’ हे उघड आहे आणि छत्राचे मूळ ‘छद्’ म्हणजे झाकणे. आच्छादन त्यातलेच, छद्मही त्यातलेच. पण विद्यार्थ्याचा छत्राशी संबंध काय? पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात हा शब्द सिद्ध करून दिला आणि पुढच्यांना कोडे घातले. काशिकाकार सांगतात, गुरूचे दोष झाकतो तो छात्र. त्यांच्याआधी पतंजलीने लावलेला अर्थ मला अधिक जवळचा वाटतो. त्याच्या मते छत्र म्हणजे गुरूच. गुरूने शिष्याला छत्रासारखे झाकावे आणि शिष्याने गुरूला छत्रासारखे जपावे. ज्याने कोकणचा पाऊस पाहिला आहे त्याला दुसऱ्या अर्ध्याचे मर्म वेगळे सांगायला नको. छत्री आपल्याला भिजू देत नाही हे खरे, पण वाऱ्यात तिची काडी मोडू नये म्हणून तिला उराशी धरून चालणारेही आपणच असतो. पतंजलीच्या देशात एवढा पाऊस असेल-नसेल, पण छत्रीशी त्याची चांगली ओळख असावी.

आता ‘अध्यापक’. ‘इ’ म्हणजे जाणे, आणि ‘अधि’ लागला की अभ्यास करणे. अध्ययन म्हणजे मुळात एखाद्या गोष्टीवरून, तिच्यातून जाणे. ‘शिकतो’चे ‘शिकवतो’ करायचे तर संस्कृत मध्ये एक ‘प’ घालते: स्था-स्थापन, ज्ञा-ज्ञापन, तसे अध्ययन-अध्यापन. म्हणजे अध्यापक हा ‘जायला लावणारा’. मराठीत हेच काम ‘व’ करतो: बसणे-बसवणे, चालणे-चालवणे, शिकणे-शिकवणे. आणि गंमत अशी की अरबीतही तीच रीत. ‘इल्म’ म्हणजे जाणणे, आणि त्याच तीन व्यंजनांना प्रयोजकाच्या साच्यात घातले की ‘तालीम’, म्हणजे जाणायला लावणे. तीन भाषा, त्यातली अरबी तर बाकी दोघींच्या नात्याचीही नाही, पण तिघींनीही शिकवण्यासाठी स्वतंत्र धातू केला नाही. शिकण्याच्या शब्दाला एक अक्षर जोडून भागवले. शिकवणारा शब्द शिकणाऱ्या शब्दाच्या पोटातून निघतो. हे कळल्यापासून ‘छात्राध्यापक’ हा शब्द मला अर्धवट शिक्षकाचा वाटेनासा झाला. प्रत्येक अध्यापकाच्या आत जो छात्र आहे तो या शब्दात उघड्यावर उभा आहे, इतकेच.

‘उपाध्याय’ही याच कुळातला, ज्याच्याजवळ जाऊन अध्ययन करायचे तो. त्याचा प्रवास लांबचा आहे. प्राकृतात तो ‘उवज्झाय’ झाला, उत्तरेत झिजून ओझा आणि मिथिलेत नुसता झा उरला. आपल्या कोकणात पुढचा ‘उ’ गळून पाध्ये झाले. बौद्ध भिक्षूंबरोबर तोच शब्द मध्य आशियातल्या भाषांतून वळसे घेत चीनमध्ये गेला आणि तिथून जपानात ‘ओशो’ झाला, असे अभ्यासक मानतात. मुरूडचा एखादा पाध्ये आणि क्योटोचा एखादा ओशो यांचे आडनाव-उपाधी एकाच धातूवर उभे आहेत, ही कल्पनाच मला फार आनंद देते.

जाण्याचा, चालण्याचा हा धागा एकदा हाती लागला की बी.एड.चा सगळा शब्दसंग्रह त्यावर ओवला जातो. ‘आचार्य’ घ्या. यास्काने निरुक्तात त्याच्या एकाहून अधिक व्युत्पत्ती दिल्या आहेत. आचार ग्रहण करवतो तो, अर्थ गोळा करून देतो तो. पण मुळाशी ‘चर्’ म्हणजे चालणे हाच धातू दिसतो. आचार्य म्हटले की या जिल्ह्यात विनोबा आठवायचेच. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्याला त्यांचा जन्म झाला. भूदानासाठी ते वर्षानुवर्षे पायी फिरले आणि पुढे १९६८ साली शिक्षकांसाठी ‘आचार्यकुल’ काढले. चर् धातूचा अर्थ इतका पायांनी जगलेला दुसरा आचार्य सापडणे कठीण. लग्नघरातला ‘आचारी’ही याच घरातला असावा, सोवळ्याचा आचार पाळणारा म्हणून स्वयंपाकाचा अधिकारी झाला आणि मग आचार मागे पडून पळी तेवढी हातात राहिली.

आणि ‘पदवी’! आज हा शब्द म्हणजे चौकटीतला कागद. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, पावलांनी उमटलेला माग. वाटेवरून माणूस कुठवर आला ते सांगता सांगता ती दर्जा झाली, मग किताब आणि शेवटी विद्यापीठाची डिग्री. डी.एड.ला आपण ‘पदविका’ म्हणतो. हे ‘-इका’ लघुत्वाचे. तेव्हा शब्दार्थाने पदवी ही वाट आणि पदविका ही पायवाट. आमच्या भागात गावातून किनाऱ्यावर सुरूच्या बनातून जी नेते ती पायवाटच असते. बी.एड.चे मराठी नाव ‘शिक्षणशास्त्र पदवी’. त्यातल्या ‘शिक्ष्’ला व्याकरणकार ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप मानतात, म्हणजे समर्थ होऊ पाहणे. ऋग्वेदात तोच ‘शिक्ष्’ दुसऱ्याला मदत करणे, देऊ पाहणे याही अर्थाने येतो. ‘शास्त्र’ आले ‘शास्’पासून, म्हणजे हुकूम करणे, वळण लावणे, शिष्य, शासन, शिष्ट सगळे तिथलेच. एका पदवीच्या नावात समर्थ होण्याची इच्छा, वळण आणि वाट असे तिन्ही आले. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि हिंदीत विद्या, हा फरक सर्वांना ठाऊक आहे. तो पडला कसा? माझा तर्क असा की ‘शास्’ आणि ‘शिक्ष्’ शेजारी-शेजारी नांदताना आपल्याकडे शास्त्याचा अर्थ शिक्षेच्या अंगावर उतरला असावा. ‘चांगली शिकवण दिली’ असे आपण पोराला बदडल्यावरही म्हणतोच.

जुन्या ट्रेनिंग कॉलेजांतल्या मंडळींच्या तोंडी एक शब्द असे: ‘हर्बार्टची पंचपदी’. हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ (१७७६–१८४१). त्याच्या विचारांवरून पुढे त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या पक्क्या केल्या. प्रस्तावनेने सुरुवात करायची आणि उपयोजनापर्यंत यायचे. त्या पायऱ्यांना ‘पंचपदी’ नाव ज्याने दिले त्याच्या कानात भजन असले पाहिजे. आपल्याकडे पंचपदी म्हणजे ओळीने म्हणायची पाच पदे. पद म्हणजे पाऊल, पद म्हणजे गाणे, पद म्हणजे हुद्दा. पायऱ्यांना पंचसोपान म्हणता आले असते, पण ‘पदी’ म्हटल्यामुळे जर्मन तर्कशास्त्राला टाळ-मृदंगाची साथ मिळाली. असे शब्द करणाऱ्यांची नावे कुठे नोंदलेली नसतात. रघुनाथ पंडितांचे नाव तरी राहिले. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’त त्यांनी दरबारी फारसीला संस्कृत प्रतिशब्द दिले. शिक्षणशास्त्राच्या पारिभाषिक शब्दांमागे कितीतरी अनाम रघुनाथ पंडित उभे आहेत.

त्यांच्यातल्या कोणीतरी ‘सेतुपाठ’ केला. सूक्ष्म अध्यापनात छात्राध्यापक एकेक कौशल्य सुटे करून पाच-सात मिनिटे घोटतो: सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन. मग पूर्ण वर्गावरचे सरावपाठ. या दोहोंच्या मधला तो सेतुपाठ. सेतू म्हणजे पूल हे आपण रामायणामुळे धरून चालतो, पण ‘सि’ म्हणजे बांधणे या धातूपासून आलेला सेतू मुळात बांध असावा. पाणी अडवणारा, दोन शेतांमधला. अलिबागच्या खारेपाटात जाऊन पाहावे. समुद्राचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध आहेत आणि त्याच बांधांवरून माणसे एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. अडवणे आणि ओलांडणे हे एकाच मातीने होते. सेतूचे दोन्ही अर्थ तिथे एका ओळीत दिसतात.

मघाशी ‘तालीम’ अर्ध्यावर सोडली. मराठीत येऊन ती आखाड्यात उतरली. ‘तालीम’ म्हणजे कुस्तीची जागा, नाहीतर नाटकाची रंगीत तालीम. आणि तिच्याबरोबर फारसी ‘उस्ताद’ही वस्ताद होऊन लाल मातीत गेला. पंतोजीच्या शाळेत त्या दोघांना जागा मिळाली नाही. तिथे पंडितजीचा झिजून झालेला ‘पंतोजी’ बसला होता असे दिसते. डोके एकाकडे, शरीर दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी झाली. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षणाचा नवा विचार मांडला, त्याला पुढे ‘नई तालीम’ हे नाव मिळाले. हातांनी काम करत शिकायच्या त्या पद्धतीसाठी मराठी कानाला याहून नेमका शब्द मिळाला नसता. आपल्या ‘तालमी’त घाम आधीपासून होताच.

पण तालमीचा सख्खा भाऊ आमच्या किनाऱ्यावर वेगळ्याच वेषात फिरला. ‘मुअल्लिम’, म्हणजे तालीम देणारा, शिक्षक. अरबी समुद्रावरच्या खलाशांनी या शब्दाचा अर्थ केला जहाजाची वाट दाखवणारा, तारे आणि वारे जाणणारा वाटाड्या. गुजरात-कच्छात तो ‘मालम’ झाला. ज्या पाण्यात एका ‘जझीरा’चा म्हणजे बेटाचा जंजिरा झाला, त्या पाण्यातून असे मालम पिढ्यान्‌पिढ्या गेले असतील. शिक्षकाला आपण दीपस्तंभ म्हणतो. मला ती उपमा कधी पटली नाही, दीपस्तंभ जागचा हलत नाही. मालम त्याच नावेत बसलेला असतो. वादळ आले तर तोही भिजतो.

त्याच किनाऱ्यावर एक लॅटिन शब्द दोनदा उतरला. ‘मागिस्तेर’, म्हणजे अधिक जाणता, मोठा. त्यातला ‘माग्’ आणि आपला ‘महा’ एकाच वंशातले. पोर्तुगीजांच्या तोंडी तो ‘मेश्त्र’ झाला आणि चौल-रेवदंड्याच्या बाजूने आत शिरून मेस्त्री, मिस्त्री झाला. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या बोलीची एक नात आजही घराघरांत बोलली जाते. मेस्त्री तर जिल्हाभर राहिला. नंतर तोच मागिस्तेर इंग्रजांबरोबर ‘मास्टर’ होऊन आला आणि मास्तर झाला. एकाने लाकूड तासले, दुसऱ्याने पोरे. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांची पुन्हा एकदा गाठ पडली, ती ‘नॉर्मल स्कूल’पाशी. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेला हे नाव फ्रान्समधून आले. पॅरिसचे एकोल नॉर्माल १७९४चे. त्यातल्या लॅटिन ‘नॉर्मा’चा मूळ अर्थ आहे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा! मास्तर घडवण्याच्या जागेला मेस्त्रीच्या हत्याराचे नाव. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या नॉर्मल क्लासची जबाबदारी १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांकडे आली आणि पुढच्याच वर्षी, जेमतेम चौतिशीत, ते गेले. त्याच दशकात सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘छात्राध्यापिका’ हा शब्द तेव्हा झाला नसेल, पण छात्राध्यापिका झाली होती.

उलट दिशेने गेलेली एक गोष्टही इथेच सांगायला हवी. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९पासून मद्रासच्या अनाथालयात शिकवत होता. गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. मग मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचे या तत्त्वावर त्याने आपली शाळा उभी केली, १७९७ साली त्यावर पुस्तक काढले आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. आपल्या धूळपाटीवरची धुळाक्षरे अशी परदेशी गेली. छात्रच अध्यापक, या कल्पनेचे एक मूळ आपल्याच वाळूत आहे.

बी.एड.च्या रोजच्या बोलीतला सर्वांत गोड शब्द मला ‘पाठ’ वाटतो. “उद्या माझा पाठ आहे” हे वाक्य बाहेरच्याला कळणार नाही. पठ् धातूचा पाठ आणि ‘पृष्ठ’ झिजून झालेली पाठ, दोघे वेगळ्या वाटांनी येऊन मराठीत एकरूप झाले. एक पुल्लिंगी, दुसरी स्त्रीलिंगी, एवढीच ओळखीची खूण. आणि प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात सांगतात की फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करायची नाही. भाचीने घरी मला ते करून दाखवले. फळ्याशी काटकोनात नाही, थोडे तिरके उभे राहायचे. उजवा हात फळ्यावर, डावा खांदा मागे आणि नजर शब्द संपताच मुलांकडे. फळा हा ‘फलक’, खडू ही ‘खटिका’. दोन्ही प्राकृताच्या घाटातून उतरलेले. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना ती खटिका लागलेली होती.

‘धडा’ मात्र संस्कृताचा असून नसल्यासारखा. मासळीबाजारात टोपली तोलण्याआधी दुसऱ्या पारड्यात दगड ठेवून रिकाम्या टोपलीचा धडा करतात. ‘धट’ म्हणजे तराजू, त्यावरून हा आला असावा. पुस्तकातला धडाही तोलून-मापून दिलेला वाटा म्हणून त्याच नात्यातला दिसतो. ‘मनाचा धडा करणे’ म्हणजे मनाचे पारडे एकदाचे स्थिर करणे. पहिल्या पाठाआधी प्रत्येक छात्राध्यापक तेच करत असतो.

आणि ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही, तिचे नाव टाचणवही. पाठाची आखणी म्हणजे पाठटाचण. टाचणे म्हणजे शिंप्याने कापड शिवण्याआधी घातलेले सैल, लांब टाके, टाचणी त्यातलीच. पक्की शिवण झाली की टाचलेला धागा उसवून काढायचा असतो. पण या शब्दाचा खरा अर्थ मला कोशात नाही, भाचीच्या वहीत कळला. डाव्या रकान्यात तिने लिहिले होते, अमुक प्रश्न विचारणे, अपेक्षित उत्तर अमुक. उजवीकडे दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने खूण होती: मुलाने भलतेच, पण तिच्या मते अधिक चांगले उत्तर दिले होते. तिथे टाका उसवला होता.

नव्या शब्दांत मला सर्वांत थक्क केले ते ‘आंतरवासिते’ने. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवडे शाळेत राहून शिकायचे ठरले. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. त्या मुदतीला मराठीत शालेय आंतरवासिता म्हणतात. डॉक्टरांकडून हा शब्द आला असावा. ‘इंटर्न’ म्हणजे इस्पितळाच्या आत राहणारा. त्याला प्रतिशब्द शोधताना कोणाला तरी उपनिषदांतला ‘अंतेवासी’ आठवला असणार, गुरूच्या जवळ, कडेला राहणारा. अंते आणि आंतर, दोघांना एकमेकांत मिसळून हा शब्द घडलेला दिसतो. कानाला इंटर्नचे भाषांतर वाटतो, पण ‘अंतर्’ आणि लॅटिन ‘इंतेर’ ही खरीच सख्खी भावंडे आहेत. कोणी ध्वनी जुळवायला गेले आणि नाते जुळून आले.

पुढच्या वर्षी भाची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी देईल, मग शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर नाव नोंदवेल. ‘पवित्र’ ही इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेली संज्ञा. पण ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, त्यापासून झालेले पवित्र म्हणजे वेदकाळी मेंढीच्या लोकरीची गाळणी, सोमरस गाळायची. किती जणांना त्या गाळणीच्या वरच थांबावे लागते हे तिच्या आधी बी.एड. झालेल्या मुलामुलींकडून ती ऐकते आहे, आणि म्हणून एसटीत तिचे ओठ हलत असतात.

आंतरवासिता संपली त्या दिवशी नववीच्या मुलींनी तिला वहीच्या कागदाचे एक भेटकार्ड दिले. त्यावर छात्राध्यापिका हा शब्द नव्हता. शाळेत तो कोणीच म्हणत नाही. मुलींनी लिहिले होते, ‘आमच्या बीएडच्या बाईंना’. शाळेत चौलच्या बाई आहेत, नागावच्या बाई आहेत. तशाच या बीएडच्या बाई. जणू बीएड हे खाडीच्या वरच्या अंगाला कुठेतरी गाव आहे आणि बाई रोज तिथून, छत्री घेऊन, पायवाटेने येतात.